सुलभाच्या रेडिओतली घरघर

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात शाडूने माखलेले होते. दादाने फोन उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे प्राची होती, सुलभाची मुलगी. "मावशी, आई गेली..." ती म्हणाली. सकाळी रोह्याच्या घरी चहाचं आधण ठेवलं, छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक म्हणतात अशा वेळी डोळ्यांत टचकन पाणी येतं. मला आला तो संताप. आषाढ तोंडावर आलेला, दर आषाढात ती आमच्याकडे येते, आणि या वर्षी नेमकं हे! हातातला गोळा मी पाटावर आदळला. दादाने तो उचलून परत मळायला घेतला.

पुढे रोह्याला शोकसभा झाली. मी गेले. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत सगळे पांढऱ्या कपड्यांतले. आणि बोलायला पहिले कोण उभे राहिले, तर आमच्या गावाबाहेरच्या भट्टीचे शेठ. हात जोडून, आवाज खाली घेऊन म्हणाले, "सुलभाताई आमच्या मार्गदर्शक होत्या. त्यांच्या एका शब्दाखातर आम्ही स्वतः पुढाकार घेऊन भट्टीला फिल्टर बसवला." एका शब्दाखातर! स्वतः पुढाकार घेऊन! याच माणसाने तिला 'कानाने वीज मोजणारी बाई' म्हणून चारचौघांत हसं केलं होतं, ते ऐकायला मी तिथे हजर होते. प्राचीने माझा हात घट्ट धरून ठेवला नसता तर मी तिथेच उठून बोलले असते. शोकसभेत तमाशा नको म्हणून गप्प बसले. पण गप्प बसायचा माझा स्वभाव नाही, सुलभाचा तर नव्हताच, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा गणपतीचा कारखाना जिते स्टेशनापासून चालत जाण्याइतका जवळ. आमच्या पेणच्या बाजूला मूर्ती घडवतात त्या शेडला कारखानाच म्हणतात. वडिलांच्या मागे तो मी आणि माझा थोरला भाऊ चालवतो. मी लग्न केलं नाही. का, ते इथे सांगायचं कारण नाही. सुलभा शेजारच्या गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. अभ्यासात ती हुशार, पण तोंडाने फटकळ. गणिताच्या बाईंनी फळ्यावर चूक केली की हात वर न करताच सांगायची आणि मग वर्गाबाहेर उभी राहायची. पुढे ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली. तेव्हा गावात एकाने विचारलं होतं, "पोरगी आता खांबावर चढनार काय?" सुलभा म्हणाली, "तुमच्या घरची लाइट गेली की सांगा, मग चढते." लग्न होऊन ती रोह्याला गेली आणि तिथल्या एका खासगी कंपनीत लागली. मोठमोठ्या कारखान्यांत जायचं, तिथली वीज तपासायची, कुठे काय बिघडलंय ते शोधून सांगायचं, हे तिचं काम. यंत्रं तिच्याकडे भारीतली असायची, पण पर्समध्ये कायम असायचा तो तिच्या वडिलांचा ट्रान्झिस्टर. भातलावणीच्या वेळी तो बांधावर ठेवायचे, तोच. नागोठण्याला एकदा अंबा नदीचं पाणी भरलं तेव्हा ती त्यात अडकली, पर्स भिजली, मोबाइल गेला, रेडिओ मात्र वाळवल्यावर परत बोलायला लागला.

हा रेडिओ ती गाणी ऐकायला बाळगत नव्हती. काटा दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी आणायची. तिथे एरवी नुसती बारीक खरखर असते. पण जवळच्या तारांतली वीज बिघडलेली असली की त्या खरखरीत घरघर मिसळते, आणि बिघाडाच्या उगमाकडे चालत जावं तशी ती वाढत जाते. "रेडिओ पुरावा नव्हे गो," ती म्हणायची, "नुसता वास काढणारा. कुठं बघायचं ते कळतं. मोजायला मग मशीन हाय." तिच्या कंपनीतले लोकही याला हसायचे. तिने त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

आता मला माझ्या दादाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापायी घडलं. मूर्ती कोणीही घडवो, कोणीही रंगवो, आमच्याकडे डोळ्यांची आखणी फक्त दादा करतो. मुंबईची, पुण्याची गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे येतात ती त्या डोळ्यांसाठी. घरात कुठेही उभं राहा, गणपती आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. ही आखणी सगळ्यात शेवटी, गणपतीच्या आधीच्या काही आठवड्यांत होते. त्या दिवसांत पावसामुळे शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलेलं असतं, मूर्ती आढ्यापर्यंत रचलेल्या असतात, भर दुपारीसुद्धा दिव्यांशिवाय काम होत नाही. तर एका वर्षी दादा कुंचला खाली ठेवून म्हणाला, "वैजू, रेघ हलतेय गो." मी म्हटलं, दमला असशील. पण ते थांबेना. पनवेलच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, चष्मा बदलला, डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. तरी रेघ हलायची ती हलायचीच. त्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं, "बाप्पा छान आहेत, पण यंदा आमच्याकडे बघत नाहीत." दादाने ते ऐकलं. पुढच्या वर्षी त्याने आखणी सोडली. म्हणाला, "माझं डोळं गेलं. देवाचं डोळं बिघडवायचा मला काय अधिकार?" बाहेरून माणूस आणला, त्याच्याही रेघा तशाच आल्या, पण त्याला तेवढं जमतं असं आम्ही धरून चाललो. दादा कोपऱ्यात बसून उंदीर रंगवायचा. आयुष्यभर डोळे आखलेला माणूस उंदीर रंगवत बसलेला बघताना मला काय होत असेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्याच सुमाराला आमच्या कॉम्प्रेसरची मोटर सारखी जळायला लागली. रंगाचा फवारा त्याच्यावर चालतो. वायंडिंग करून आणायचं, परत जळायचं. वायरमन म्हणाला व्होल्टेजचा घोळ आहे, स्टॅबिलायझर घ्या. घेतला. तोही तापायला लागला. आषाढाच्या अखेरीस सुलभा सहज म्हणून भेटायला आली होती, तिने मोटरला हात लावला, मान वर करून दिव्यांकडे पाहिलं आणि चहा न घेताच पर्समधून रेडिओ काढला. काटा फिरवला... आणि शेडभर अशी घरघर उठली की रंगाऱ्यांचे हात थांबले. ती तशीच बाहेर पडली. मीही छत्री घेऊन मागे. तारा जातात त्या बाजूने, बांधाबांधाने, चिखल तुडवत ती चालत राहिली. लावणीतल्या बाया हसत होत्या. एकीने विचारलं, "गो सुलभा, काय हरवलाय काय?" सुलभा म्हणाली, "हरवला नाय, सापडतोय." जिथे तारांना फाटा होता तिथे ती एका बाजूला जायची, आवाज उतरला की माघारी फिरून दुसऱ्या बाजूला. असं करत आम्ही गावाबाहेरच्या भट्टीच्या फाटकापाशी पोचलो. तिथे रेडिओ इतका ओरडत होता की बोललेलं ऐकू येईना. तिने अंगठ्याने तो बंद केला आणि म्हणाली, "सापडला गो."

त्या भट्टीत भंगार लोखंड विजेवर वितळवतात. भट्टी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, म्हणजे दादाची रेघ हलायला लागली त्याच सुमाराला. तिने मला समजावलं ते असं. वीज एका ठरावीक लयीत संथपणे वरखाली होत येते. ही भट्टी ती सरळ घेत नाही, तुकड्यातुकड्याने ओढते, आणि ओढताना बारीक, फार वेगवान लाटा मागे तारांत सोडते. "पाटाचं पाणी कोणी वर घमेल्याघमेल्याने उपसलं तर खालच्या शेतात ते उसळतच येणार ना? तसं." त्या लाटांनी मोटरी तापतात, स्वस्तातले दिवे कळत नकळत लुकलुकतात. एरवी भाजी चिरताना, जेवताना ते जाणवतही नाही. पण केसाएवढी रेघ ओढणाऱ्या माणसाला जाणवतं. मी विचारलं, "म्हणजे दादाचे डोळे?" ती म्हणाली, "दादाच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? दिवे हलतायत."

मी हे धावत जाऊन दादाला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. एकदा माणसाने स्वतःला म्हातारं ठरवलं की त्याला तसं नाही हे पटवणं महाकठीण. "सुलभा माझं मन राखायला बोलते," तो म्हणाला.

वीज मंडळाकडे तक्रार केली. साहेब आले, पण येण्याआधी भट्टीला फोन गेला असणार, कारण त्या दिवशी भट्टी 'दुरुस्तीसाठी' बंद होती. साहेबांनी आमच्या बोर्डाला साधा मीटर लावला, "दोनशे तीस. बघा, एकदम व्यवस्थित," म्हणाले. सुलभाने सांगितलं की या मीटरवर हे दिसतच नाही, आणि भट्टी चालू असताना तिच्या मशीनवर मोजा. साहेबांना घाई होती. शेठ सोबत आलेले, ते म्हणाले, "बाई, तुमचा तो रेडिओ तरी लावा, आम्हालाही ऐकू दे." तिने लावला. अर्थातच शांत. मग ते 'कानाने वीज मोजणारी बाई' म्हणून हसले, साहेबही हसले, आमचे दोन कामगारही हसले. त्या दोघांना मी नंतर चांगलं झापलं, पण हसलेलं थोडंच परत जातं? मी अंगणात उभी राहून रडकुंडीला आले होते. सुलभा मात्र कुठेतरी भलतीकडेच बघत होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "वैजे, आज रेडिओ गप्प होता. म्हणजे भट्टी बंद असली की लाइन साफ हाय, हे त्यांनीच दाखवलं. आता सांग, ती आपसूक बंद कधी असते?"

उत्तर समोर होतं आणि आम्हा कोणाला कधी सुचलं नव्हतं. भट्टीवरचे कामगार आसपासच्या गावांतले. गौरी-गणपतीला यातला एकही माणूस कामावर राहत नाही, शेठ काहीही करोत. म्हणजे वर्षातून तेवढे दिवस आमच्या दिव्यांना स्वच्छ वीज मिळते. पण तेव्हा आमचा कारखाना रिकामा! मूर्ती घरोघर गेलेल्या, शेड धुतलेली, डोळे आखायला कोणी नाही. आमच्या घरची रीत तर अशी की शेवटची मूर्ती गेली की कुंचले धुऊन घरच्या गणपतीपुढे ठेवायचे आणि विसर्जन होईपर्यंत त्यांना शिवायचं नाही. शेडमधले दिवे स्थिर असतील तेव्हा ते बघायला डोळे आखणारा माणूस जागेवर नसायचा. ही दोन-तीन वर्षं त्यामुळे कोणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं.

सुलभाने दादाला सांगितलं, गणपतीत आखणी करून दाखव. दादा खवळला. एवढा शांत माणूस, पण म्हणाला, "रीत मोडायची नाय. तुझ्या मशीनपायी देवासमोरचा कुंचला उचलू?" दोघांचं जोरात वाजलं. ती म्हणाली, "उंदीर रंगवत बस मग!" मला वाटलं आता संपलं. पण गौरींबरोबर आमचा गणपती जातो, त्या दिवशी सुलभा न बोलावता रोह्याहून आली. आल्याआल्याच सोबत आणलेलं कंपनीचं मशीन तिने आमच्या बोर्डाला लावून ठेवलं. तिन्हीसांजेला विसर्जन करून आम्ही परत आलो. पाटावर अक्षता आणि कुंचले. आता रीत आड येत नव्हती, आणि भट्टीवरचे कामगार सकाळशिवाय येणार नव्हते. सुलभा शेडमध्ये गेली, कानाची पाळ तुटली म्हणून मागे राहिलेल्या दोन लहान मूर्तींपैकी एक तिने दिव्याखाली ठेवली आणि स्टूल पुढे ओढलं. दादा बराच वेळ दारात उभा होता. मग आला, बसला, श्वास रोखला... आणि रेघ ओढली. एक, मग दुसरी. मग त्याने मूर्ती जरा लांब धरली आणि नुसता बघत राहिला. गणपती आमच्या तिघांकडे बघत होता. दादा म्हणाला, "सुलभा, माझं डोळं हायेत गो." एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. सुलभाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "रडू नको, उद्या दुसरी आखायचीय. भट्टी चालू झाल्यावर."

दुसरी मूर्ती सकाळी भट्टीच्या धुराड्यातून धूर निघाल्यावर त्याच जागी, त्याच दिव्याखाली आखली. रेघ हलली. मशीनवरही भट्टी सुरू होण्याआधीचं आणि नंतरचं, सगळं नोंदलं गेलं. मग आम्ही दोघी दोन मूर्ती मांडीवर घेऊन एसटीने अलिबागला वीज मंडळाच्या सुनावणीला गेलो. गाडीत एका बाईने उठून जागा दिली, आम्हाला नव्हे, गणपतीला. ऑफिसात साहेबांनी मशीनचे आकडे न वाचताच बाजूला सारले. मग सुलभाने दोन्ही मूर्ती त्यांच्या टेबलावर मांडल्या. साहेबांचे हात आपोआप जोडले गेले. 'हे उचला' म्हणायची छाती कोणाची? "प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, साहेब. निवांत बघा," सुलभा म्हणाली, "मशीनचे आकडे तुम्हाला पटत नाहीत ना? मग यातला कुठला तुमच्याकडे बघतोय ते सांगा." साहेबांनी दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाले, "हा." त्यांचं बोट भट्टी बंद असताना आखलेल्या मूर्तीवर होतं. त्यानंतर त्यांनी ते आकडेही नीट वाचले.

तरी त्या लाटा भट्टीतच अडवणारा फिल्टर बसायला आणखी किती खेटे घालावे लागले, ते मला माहीत आहे. तारखा पडायच्या, साहेब बदलायचे, नवा आला की पहिल्यापासून सुरुवात. तिच्या कंपनीने तिला ताकीद दिली, गिऱ्हाईक दुखावतं म्हणून. नातेवाईक म्हणायचे, कशाला नसत्या फंदात पडतेस, तुझ्या घरची का मोटर जळतेय? अखेर फिल्टर बसला. शेठनी त्याला हार घातला, नारळ फोडला, जेवण घातलं. सुलभाला बोलावलं नाही. मी चिडले तर म्हणाली, "मला जेवायला दादाकडं बोलावतात ना, पुरे." दादा परत आखणीला बसायला लागला. आणि सुलभा दर आषाढात यायची, रेडिओ घेऊन तारांखालून भट्टीच्या फाटकापर्यंत चालत जायची, ऐकायची आणि परत यायची. सुरक्षारक्षक तिला ओळखायचे. ती येते हे शेठनाही माहीत होतं. मी म्हणायचे, अगं आता कशाला? ती म्हणायची, "बघणारं कोणी हाय म्हणून फिल्टर चालतो, वैजे."

दिवसकार्य झाल्यावर प्राचीने रेडिओ माझ्या हातात दिला. "मावशी, तुझ्याकडेच असू दे." मी तो कारखान्याच्या खिडकीत ठेवला. लावला नाही, धीर झाला नाही. नुसतं त्याचं शिवलेलं चामडी कव्हर पुसायची.

गेल्या आठवड्यात दादा आखणीला बसला. थोड्या वेळाने त्याने कुंचला खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैजू... आता खरंच गेलं वाटतं. रेघ हलतेय."

मी उठले, खिडकीतला रेडिओ घेतला आणि लावला. काटा सुलभाने ठेवला होता तिथेच होता. शेडभर घरघर उठली. म्हणजे तिच्या शोकसभेत हात जोडून 'पुढाकार' सांगणाऱ्या माणसाच्या भट्टीचा फिल्टर बंद होता! जळलेले भाग बदलले नसतील, नाहीतर बटणच दाबून टाकलं असेल. आता बघायला येणार कोण, असा हिशेब असणार. संताप माझ्या डोक्यात गेला. दादाला म्हटलं, "तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? दिवे हलतायत." त्याने वर बघितलं. त्याला ते शब्द ओळखू आले.

मी छत्रीही घेतली नाही. तारांखालून, बांधावरून, तीच वाट. लावणीतल्या बाया या वेळी हसल्या नाहीत, उभ्या राहून बघत होत्या. पावलागणिक घरघर वाढत गेली. फाटकापाशी पोचले तेव्हा रेडिओ हातात थरथरत होता. सुरक्षारक्षक बाहेर आला, आधी रेडिओकडे आणि मग माझ्याकडे बघून गोंधळला. "कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

मी रेडिओ बंद केला नाही. म्हटलं, "आत जाऊन शेठना सांग, सुलभाबाई आल्यात."